वाहूळ मॅडमची चाळणी

वाहूळ मॅडम रागावल्या की समोरच्याला 'बाळा' म्हणायच्या. माया आली की मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. त्यामुळं वर्गात नव्यानं आलेली पोरं सुरुवातीला हमखास फसायची. 'ये बाळा, बस जरा' असं ऐकून कुणी हसत पुढं गेलं की मागच्या बाकावर आम्ही जुने लोक त्याच्यासाठी हळहळायचो. आणि मला त्यांनी पहिल्यांदा 'अमोल भास्कर जाधव, इकडं ये रे' अशी हाक मारली, तेव्हा आपलं नाव कॉलेजातून काढलं की काय, असं मला वाटलं होतं. त्यांना मला जवसाची चटणी द्यायची होती.

संभाजीनगरच्या एका कॉलेजात, मास मीडियाच्या विभागात, त्या आम्हाला एडिटिंग आणि ग्राफिक्स शिकवायच्या. तासिका तत्त्वावर. म्हणजे कॉलेज सुरू व्हायच्या वेळी बोलावणं आलं तर यायचं, नाही आलं तर घरी बसायचं. असं त्यांचं कित्येक वर्षं चाललं होतं. पण विभागात कुणी पाहुणा आला तर त्याला हमखास वाटायचं की ह्याच विभागप्रमुख असणार. उंचीनं ठेंगण्या, डोळ्यांवर चष्मा, पदर कमरेला खोचलेला, खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी, आणि साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज. त्या बजाजनगरला राहायच्या. नवरा वाळूजच्या एका कंपनीत. शूजबद्दल कुणी विचारलं की म्हणायच्या, "सकाळच्या टायमाला बजाजनगरात बस पकडून दाखवा चपलीवर. मग बोला."

लॅबमधल्या चाकाच्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. "पळणाऱ्या खुर्चीवर डोकं कसं थांबंल?" असं त्यांचं म्हणणं. एक लाकडी स्टूल होतं, त्यावर मांडी घालून बसायच्या. कुणी नवीन शूटिंग करून आणलं की आधी डोळे मिटून घ्यायच्या आणि पूर्ण क्लिप नुसती ऐकायच्या. आम्ही इतक्या मेहनतीनं लाइट लावलेले असायचे, आणि ह्या बाई डोळे मिटून! सैफ आमचा कॅमेरावाला. तो एकदा चिडून म्हणाला, "मॅडम, देखो तो सही! आंख बंद करके क्या समझताय?"

"समजतंय की," मॅडम तशाच म्हणाल्या. "मागं कुणीतरी शेंगदाणे खातंय. आधी त्याला गप कर, मग बघते."

खरंच, शेंगदाणे मी खात होतो.

कॉलेजात यायच्या आधी त्या औरंगपुऱ्यात एका डीटीपीच्या दुकानात होत्या. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, निवडणुकीची पत्रकं. त्या कामानं त्यांना एक खोड लागली होती. रस्त्यावरची प्रत्येक पाटी त्या वाचायच्या, आणि चुकलेली पाटी त्यांना सहन व्हायची नाही. आम्ही एकदा त्यांच्याबरोबर औरंगपुऱ्यात पेनं-कागद आणायला गेलो होतो. एका साडीच्या दुकानावर 'साडी' मधला काना निखळून पडला होता. राहिलं होतं 'सडी सेंटर'. मॅडम थेट आत शिरल्या.

"दादा, तुमचा काना पडलाय."

दुकानदारानं आधी स्वतःचा कान चाचपला. मग बाहेर येऊन वर बघितलं. "अहो ताई, त्याला झाली दोन-तीन वर्षं. गिऱ्हाईक येतंच आहे."

"गिऱ्हाईक येतंय ते तुमच्या पुण्याईनं. पाटीमुळं नाय." त्यांनी पिशवीतून काळी चिकटपट्टी काढली, दुकानातलंच स्टूल ओढलं, आणि भर बाजारात, रिक्षावाले भोंगे वाजवत असताना, वर चढून काना चिकटवला. खाली उतरून लांब जाऊन बघितलं. मग परत चढून तो जरा सरळ केला. दुकानदारानं आम्हा सगळ्यांना चहा पाजला. मॅडमनी नेहमीसारखी वरून साखर मागून घेतली.

माझ्या डोक्यात मॅडम म्हटलं की हा काना येतो. पण मला सांगायचं आहे ते त्यांनी केलेल्या एका व्हिडिओबद्दल. म्हणजे आम्ही केलेल्या. त्यांना विचारलं असतं तर त्या हेच म्हणाल्या असत्या.

आमच्या वर्गात वैष्णवी काकडे होती. अजिंठ्याच्या अलीकडच्या एका गावची. घरी शेती, वडिलांचं बी-बियाणांचं छोटं दुकान. वर्गात ती फारशी बोलायची नाही, पण एकदा युवक महोत्सवासाठी काय करायचं यावर चर्चा चालली असताना तिनं अचानक बाकावर ठेका धरला आणि स्वतः लिहिलेलं गाणं म्हणून दाखवलं. स्कूटी शिकणाऱ्या मुलीचं गाणं. एक मुलगी पहिल्यांदा गाडीवर बसते, आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तिला सल्ला देतो. पानवाला देतो, भाजीवाली देते, उलट्या बाजूनं आलेला रिक्षावालासुद्धा देतो.

साईड दे, दादा, साईड दे,
आज माझ्या हाती चावी हाय,
ब्रेक कुठं ते ठाव नाय,
अन् थांबायची मला घाई नाय!

वर्ग उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "वैष्णवी ज्ञानेश्वर काकडे." बस, एवढंच. आम्हाला कळलं की या वर्षीचं गाणं ठरलं.

रेकॉर्डिंग झालं. शूटिंगही अर्ध्याच्या वर झालं. वैष्णवी कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर गाडी चालवायची, मी आणि बाकीची पोरं भाजीवाले-पानवाले व्हायचो, सैफ कुणाच्यातरी गाडीवर उलटा बसून शूट करायचा. सगळं मजेत चाललं होतं. मग वर्गातल्या एका शहाण्यानं शूटिंगची छोटी क्लिप आपल्या स्टेटसला ठेवली. ती फिरत फिरत वैष्णवीच्या चुलतभावापर्यंत गेली, आणि त्यानं ती तिच्या वडिलांना दाखवली.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी लॅबमध्ये आली ती रडतच. वडिलांचा फोन आला होता. म्हणाले होते, सामान भर, रविवारी न्यायला येतो, झालं तेवढं शिक्षण पुरे.

आम्ही सगळे एकदम बोलू लागलो. कुणी म्हणालं व्हिडिओ बंद करू, कुणी म्हणालं पोलिसात जाऊ, सैफ त्या स्टेटसवाल्याला शोधायला निघाला. मॅडम स्टुलावरून उतरल्या आणि वैष्णवीला म्हणाल्या, "जेवलीस का?"

"नाही."

"मग आधी जेव. रविवारी त्यांनी यायच्या आधी आपण जाऊ."

विभागप्रमुख इंगळे सरांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेर प्रिंटर दुरुस्त करत होतो, म्हणून मला ऐकू आलं. सर वाईट माणूस नव्हते, फक्त फार घाबरायचे. "मॅडम, तुम्ही कशाला पडता यात? पालकांची तक्रार वर गेली तर पुढच्या वर्षी तुमचे तास मला वाचवता येणार नाहीत. स्पष्ट सांगतो."

"बाळा..." मॅडमच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी सावरून घेतलं. "सर, पोरगी घरी गेली तर ते तास मी कुणाला शिकवू?"

शनिवारी सकाळच्या बसनं आम्ही तिघं निघालो. मॅडम, वैष्णवी आणि मी. मला कशाला नेलं, हे मी विचारलं तर म्हणाल्या, "लॅपटॉप धरायला. आणि तू गरीब दिसतोस."

वैष्णवीचे वडील दुकानातच होते. उंच, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी. बोलण्याआधी थोडं थांबणारा माणूस. पोरगी दारात बघून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच बंद झाला. त्यांनी बाकावरची पोती बाजूला सरकवली. मॅडमनी स्वतःची ओळख सांगितली.

"वाहूळ?" ते म्हणाले. मग थोडं थांबले. त्या थांबण्यात काय असतं, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मॅडम सरळ त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"चहा घ्याल ना, मॅडम?"

"घेते की. साखर जास्त."

आतून वैष्णवीच्या आई चहा घेऊन आल्या. घरातल्या सगळ्यांना ज्या कपात दिला त्याच कपात मॅडमना. मॅडमनी ते बघितलं, मीही बघितलं. मग बोलणं सुरू झालं.

"हे बघा," काकडे म्हणाले, "गाणं म्हणू नको असं मी म्हणलो नाय. लहानपणापासून म्हणते ती. मलाबी आवडतं. पण ही फोनातली गोष्ट येगळी. एकदा गेलं की कुणाच्या हातात राहत नाय. माझ्या पुतण्यानं मला दाखवलं, त्याला कुण्या दुसऱ्या गावच्या पोरानं पाठवलं होतं. खाली काय काय लिहिलं होतं, ते मी तुमच्यापुढं बोलू शकत नाय. मपली पोरगी आहे ती, मॅडम."

मला वाटलं आता मॅडम त्यांना समजावणार. मुलींचं शिक्षण, काळ बदलला, वगैरे. मी तयारीनं मान हलवायलाही लागलो होतो. पण मॅडमनी त्यातलं काही काढलं नाही.

"ते लिहिलेलं मीबी वाचलंय," त्या म्हणाल्या. "मला झोप लागली नाय."

काकडेंनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं.

"तुमची काळजी खरी हाय, दादा. मी काय करू ते सांगा. तिला नेऊ नका, तेवढं सोडून."

"तोंड दिसायला नको तिचं."

"नाय दिसणार."

"शब्द देता?"

"दिला."

वैष्णवीनं हातातला कप खाली ठेवला. अर्ध्याहून जास्त शूटिंग तिच्या चेहऱ्यावर होतं! पण मॅडम उठल्या, वैष्णवीच्या आईला चहा फार छान झाल्याचं सांगितलं, बियाणांच्या एका पाकिटावर 'सुधारित' मधला उकार चुकला आहे हेही सांगितलं, आणि आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो.

बसमध्ये वैष्णवी खिडकीकडं तोंड करून बसली. मीच शेवटी म्हणालो, "मॅडम, दुसरी मुलगी घ्यायची का? ओठ हलवायला?"

"गाणं तिचं. दुसरी कशी?"

तेव्हा वैष्णवी फिरली. डोळे लाल. "मग मी काय करू? गाणं माझं, गाडीवर मी, अन् तोंड नको! मग काय कार्टून होऊ का मी?"

मला वाटलं, आता 'बाळा' येणार. सिल्लोड आलं, माणसं उतरली, चढली, बस परत सुटली. मॅडम समोरच्या सीटच्या पाठीकडं एकटक बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "व्हय."

"काय व्हय?"

"व्हय. कार्टून हो. तू कार्टून, गाडी कार्टून, अख्खा रस्ता कार्टून. तो भाजीवाला बोलला की तोंडातून फुगा, त्यात अक्षरं." त्यांनी हवेत फुगा काढून दाखवला. "लहानपणी वाचायचो तशी चित्रांची गोष्टच की ही. आपण उगं खरी करत बसलो होतो."

संभाजीनगर येईपर्यंत दोघी भांडल्यासारख्या बोलत होत्या. कुणाच्या तोंडी कुठला फुगा, यावरून.

पुढचे काही आठवडे आमची लॅब एखाद्या पापडाच्या घरासारखी दिसत होती. संगणकावर एका बटणात होणारा कॉमिकचा परिणाम आम्ही करून बघितला होता. त्यात वैष्णवी ओळखू यायची आणि शिवाय आजारी दिसायची. मग मॅडम म्हणाल्या, हातानं. शूट केलेल्या व्हिडिओतली चित्रं एकेक करून आम्ही औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडं फिकट छापून आणली. त्यांच्यावर काळ्या पेननं जाड रेषा मारायच्या, तीनच रंग भरायचे, स्कॅन करायचं आणि पुन्हा ओळीनं लावायचं. असे शेकडो कागद. दोरीवर, बाकांवर, खिडकीच्या गजांवर. पंखा लावायला सक्त मनाई. एकदा इंगळे सरांनी आत येऊन सवयीनं पंख्याचं बटण दाबलं, आणि वैष्णवीचं अख्खं कडवं उडून कॉरिडॉरमध्ये गेलं. मॅडमनी सरांना कागद गोळा करायला लावले. सरांनी केलेही.

कॉमिकमध्ये सावलीच्या जागी बारीक ठिपके असतात. ते हवे तसे येईनात. संगणकातले ठिपके फार शहाण्यासारखे दिसायचे, एकाला एक लागून, परेड केल्यासारखे. एके सकाळी मॅडमनी पिशवीतून घरची पिठाची चाळणी काढली. कागदावर पालथी घातली, जुना टूथब्रश शाईत बुडवला आणि अंगठ्यानं वरून शाई उडवली. चाळणी उचलली, तर खाली ठिपके. थोडे फुटलेले, थोडे हललेले, पण जिवंत. सैफ ओरडला, "हौ मॅडम! येईच होना था!"

संध्याकाळी मॅडमच्या मिस्टरांचा फोन आला. फोन स्पीकरवरच होता. "अगं, चाळणी कुठंय? सापडंना."

"कॉलेजात."

"बरं," ते म्हणाले. "मग मी भात लावतो." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी प्रश्न विचारणं सोडून दिलं असावं.

चाळणी शेवटपर्यंत घरी गेली नाही. निळी झाली होती.

मग आवाजांची अक्षरं. गाण्यात गाडी एकदा पडते, तिथं पडद्यावर मोठा शब्द फुटायला हवा. इंगळे सरांचा आग्रह होता की इंग्रजीत 'बूम' लिहा, परीक्षकांना पटकन कळेल. मॅडम म्हणाल्या, "सर, आपल्या रोडवर पडलेली गाडी 'बूम' म्हणंल का?"

"मग काय म्हणेल?"

यावर एकमत होईना. मी म्हणालो 'धप्प', वैष्णवी म्हणाली 'धाडकन', सैफ म्हणाला 'धडाम'. मॅडम म्हणाल्या, अंदाजानं कशाला, ऐकूनच बघू. आम्हाला घेऊन त्या पार्किंगमध्ये गेल्या. कोपऱ्यात धूळ खात एक जुनाट स्कूटी उभी होती, हवा गेलेली, सीट फाटलेली. "ही कुणाची नाय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले आणि सैफला खूण केली. सैफनं गाडी ढकलली.

आवाज आला. मॅडम डोळे मिटूनच म्हणाल्या, "खळ्ळ. धप्. आणि शेवटी बारीक टिंग. ती टिंग कशाची?"

"आरशाची," मागून कुणीतरी म्हणालं. इंगळे सर होते. "माझ्या मिसेसची गाडी आहे ती. दुरुस्तीला न्यायची होती."

सैफ पळाला. मीही दोन पावलं मागं झालो. मॅडमनी डोळे उघडले, सरांकडं बघितलं, आणि मनापासून म्हणाल्या, "सर, आवाज लई भारी आलाय."

व्हिडिओत तसंच लिहिलं आम्ही. खळ्ळ, धप्, आणि मग एका कोपऱ्यात, अगदी छोट्या अक्षरात, टिंग. महोत्सवात लोक हसले ते त्या टिंगवर. आरसा मॅडमनी बसवून दिला.

सगळ्यात अवघड होता तो वैष्णवीचा चेहरा. आम्ही सगळ्यांनी काढून बघितला. मोठे डोळे, बारीक नाक, उडणारे केस. मॅडम एकेक कागद बाजूला टाकत गेल्या. "ही कोण? ही साबण विकते का?" शेवटी त्यांनी पेन वैष्णवीच्या हातात दिलं. "तूच काढ. आरसा नको. आठवून काढ."

वैष्णवीनं स्वतःला काढलं. जाड भुवया, बाहेर आलेले कान, उजव्या खांद्यावरून पुढं आलेली वेणी, गाडी चालवताना दातात धरलेला खालचा ओठ. पाच-सहा रेषा फक्त. आम्ही बघत राहिलो, कारण ती फोटोपेक्षा जास्त वैष्णवी होती. त्याच ओघात तिनं गाडीमागं पळणारा एक माणूस काढला. उंच, टोपीवाला, सीट धरून धावणारा. गाण्यात एक ओळ होती, 'मागं धरलंय म्हणतो, अन् कधीच सोडलंय'. गाडी तिला वडिलांनीच शिकवली होती, गावच्या रस्त्यावर. हे आम्हाला तेव्हा कळलं.

व्हिडिओ तयार झाला. पाठवायची मुदत जवळ आली होती. तेव्हा मॅडमनी सांगितलं, "दादा बघतील आधी. ते नाय म्हणले तर जाणार नाय."

आम्ही भडकलो. सैफ तर टेबलावर हात आपटून म्हणाला, "मॅडम, मुंह नै दिखरा उसका! वादा पूरा हुआ ना! अब क्यों पूछना?"

"ओळखू येती ती," मॅडम म्हणाल्या. "तोंड नाय दाखवलं, पण ओळखू येती. हे मला माहितीय, तुम्हालाबी माहितीय. शब्द मी दिलाय, बाळा."

'बाळा' ऐकून सैफनं टेबलावरचा हात काढून घेतला. पण त्या दिवशी मॅडमचंही मन ठिकाणावर नव्हतं. चहात साखर घालायची विसरल्या.

काकडे नवरा-बायको दोघंही आले. काकूंनी येताना भाकरी आणि ठेचा आणला होता. आम्ही त्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. इंगळे सरही मागं येऊन उभे राहिले. वैष्णवी दाराशी, एक पाय बाहेर. मी व्हिडिओ लावला.

फुगे फुटले, भाजीवाली ओरडली, गाडी पडली, टिंग झालं. काकू तोंडाला पदर लावून हसल्या, काकडे नाहीत. मग तो टोपीवाला माणूस आला, धावत, धापा टाकत. काकडे खुर्चीत पुढं सरकले.

"हा मी का?"

दारातून वैष्णवी म्हणाली, "व्हय."

"टोपीला डाग कशाला काढलाय?"

"डाग आहेच तो," काकू म्हणाल्या. "तेलाचा. किती धुतला तरी निघत नाय."

काकडेंनी टोपी काढून बघितली. परत घातली. पडद्यावर तो माणूस हळूहळू मागं पडत होता, गाडी पुढं जात होती, आणि त्याच्या तोंडातून फुगा येत होता, 'धरलंय! धरलंय!' हात मात्र रिकामे. मग शेवटची पाटी आली. तिच्यावर सैफचं नाव होतं, माझं होतं, चित्रं काढणाऱ्या सगळ्यांची होती. गीत आणि गायन या शब्दांपुढं लिहिलं होतं, 'एक विद्यार्थिनी'.

"पोरीचं नाव?" काकडेंनी विचारलं.

"नाय घातलं," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला विचारल्याशिवाय कसं घालायचं?"

काकडे नेहमीसारखे थांबले. त्या वेळी ते जरा जास्तच थांबले. वैष्णवीनं दाराची कडी घट्ट धरली होती.

"लिहा," ते म्हणाले. "पूर्ण लिहा. मधी माझं नाव घालून."

"अन् आईचं नाय लिहीत का कुणी?" काकू म्हणाल्या.

मॅडमनी मला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसल्या. वैष्णवी सुरेखा ज्ञानेश्वर काकडे. त्यांनी एकेक अक्षर टाइप केलं, दोन अक्षरांमधलं अंतर डोळे बारीक करून बघितलं, जरा कमी केलं, परत बघितलं. तेव्हा त्यांचा चष्मा धुरकटला होता, हे मी बघितलं. पण त्यांनी तो पुसला नाही. मग आम्ही सगळ्यांनी भाकरी खाल्ली.

महोत्सवात आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. एका परीक्षकांनी विचारलं की हे ठिपके कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केले. मॅडम म्हणाल्या, "चाळणीत." परीक्षकांनी मान डोलवली आणि कागदावर लिहून घेतलं. पहिला नंबर का नाही आला, म्हणून आम्ही तोंडं पाडून बसलो होतो. मॅडमना मात्र 'उत्तेजनार्थ' हा शब्द प्रमाणपत्रावर शुद्ध छापलाय, याचाच आनंद झाला होता.

पुढच्या वर्षी विभागात कायमची नेमणूक झालेले एक सर आले. चांगले शिकवायचे. तक्रार कुणी केली नव्हती, कुणाचा राग नव्हता. जागा भरली, मॅडमचे तास संपले, इतकंच. इंगळे सरांनी स्वतः दोन-तीन ठिकाणी फोन केले, आणि शेवटी नांदेडच्या एका कॉलेजात त्यांचं जमलं. निरोपसमारंभ ठेवूया म्हणून आम्ही मागं लागलो, तर म्हणाल्या, "भाषणं ऐकायला लागतात. नको."

म्हणून त्या निघाल्या त्या दिवशी मी बसस्टँडवर गेलो. त्या आधीच बसमध्ये बसल्या होत्या. मला बघून त्यांनी खिडकीची काच सरकवायचा प्रयत्न केला. ती अडकली होती. दोन्ही हातांनी ओढली, मूठ मारली, हलली नाही. मग त्या काचेआडूनच बोलू लागल्या. मला काही ऐकू येत नव्हतं. स्टँडवर कर्णा वाजत होता, शेजारच्या बसचं इंजिन धडधडत होतं. त्या बोट नाचवून काहीतरी समजावत होत्या. मधेच भुवया वर नेल्या, म्हणजे प्रश्न असावा. मी मान हलवली. त्यांचं समाधान झालं नाही, त्यांनी परत पहिल्यापासून सांगितलं. मी परत 'हो, हो' केलं. कंडक्टरनं घंटी दिली आणि बस मागं येऊ लागली. मॅडम तरीही बोलतच होत्या.

नंतर फोनवर बोलणं होतं आमचं, चौदा एप्रिलला आणि दिवाळीत. त्या दिवशी त्या काय सांगत होत्या, हे मात्र मी अजून विचारलेलं नाही. प्रत्यक्ष भेट तीच शेवटची. बस फाटकाकडं वळली तेव्हा त्यांना कळलं असावं की आता उपयोग नाही. त्यांनी एक हात काचेला टेकवला, लगेच काढला, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडं वळल्या. त्या बाईच्या मांडीवर गाठोडं होतं. मॅडमनी ते स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं, गाठ सोडली, आणि ती कशी मारायची असते ते तिला दाखवू लागल्या.